टोकन देण्याआधी सिबिल बघा

कर्जत, नेरळ, चौक, खोपोली या पट्ट्यात जिकडेतिकडे नव्या गृहसंकुलांचे फलक लागले आहेत. पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग, त्यावरची मोहापे, चौक ही स्थानकं यांच्या नावावर घरं विकली जातात. मुंबईचे नोकरदार रविवारी साइट बघायला येतात, सॅम्पल फ्लॅट आवडला की टोकन देऊन मोकळे होतात. कर्जाचं पुढे बघू! घोडं पेंड खातं ते इथेच.

कारण बँक पगाराइतकाच सिबिल या पतमाहिती कंपनीचा अहवालही बघते. स्कोअर ३०० ते ९०० मधला. ७५० च्या पुढे असला की सहसा अडचण येत नाही. पण स्कोअरपेक्षा बोलका असतो तो अहवालातला महिनेवार तक्ता. मागच्या ३६ महिन्यांत हप्ता किंवा कार्डाचं बिल किती दिवस थकलं, ते त्यात लिहिलेलं असतं. वेळेवर भरलं तर ‘०००’. विसरलेल्या कार्डाची वार्षिक फी महिनाभर थकली, तर तिथे ‘०३०’ उमटतं. थकलेली रक्कम पाचशेची की पन्नास हजारांची, हे तो आकडा सांगत नाही.

एखाद-दुसऱ्या दिवसाच्या उशिराने मात्र आभाळ कोसळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, मुदतीनंतर तीन दिवसांहून अधिक काळ कार्डाचं बिल थकलं तरच खातं थकीत म्हणून कळवता येतं. मग मात्र दिवस मूळ मुदतीपासूनच मोजतात. किमान रक्कम भरली की खातं थकीत होत नाही, पण उरलेल्यावर जबर व्याज चढतं. ९० दिवस उलटले की खातं बुडीत वर्गात जातं. पुढे तडजोड करून कमी पैशांत मिटवलंत, तरी अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो. गृहकर्ज देणाऱ्याला तो खटकतोच.

दोन वर्षांपूर्वीची एखादी चूक बँका सहसा खुलासा घेऊन पोटात घालतात. अलीकडची, वारंवारची नाही. कधी कर्ज मिळतं, पण महाग. ३० लाखांच्या २० वर्षांच्या कर्जावर साडेआठऐवजी नऊ टक्के व्याज लागलं, तर हप्ता सुमारे ९५७ रुपयांनी वाढतो आणि मुदतभरात जवळपास २ लाख ३० हजार जादा जातात.

रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत कराराआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपर्यंतच रक्कम घेता येते. तरी ४० लाखांच्या घरात ते ४ लाख होतात. कर्ज नाकारलं गेलं, तर अडकतात ते हेच पैसे.

म्हणून बुकिंगच्या सहा महिने आधी आपला आणि सहकर्जदाराचाही अहवाल काढा. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांना तो वर्षातून एकदा फुकट द्यावा लागतो. चुकीची नोंद दिसली तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. थकबाकी असेल तर पूर्ण भरून ‘नो ड्यूज’ पत्र घ्या आणि कार्डाला ऑटो डेबिट लावा. साइट बघायला जायचंच आहे, पण अहवाल हातात आल्यावर.