यान लागलेली माणसं

युरी गागारिन १०८ मिनिटांत परतले; तोल बिघडायला तेवढा वेळ पुरला नाही. चारच महिन्यांनी, ऑगस्ट १९६१मध्ये, गेरमान तितोव मात्र दिवसभराहून अधिक काळ वर राहिले आणि बोट लागावी तसं त्यांना यान लागलं. पंचविशीतला धडधाकट वैमानिक!

मर्क्युरी आणि जेमिनी यानांतून अशी तक्रार आली नाही. त्या कुप्यांत हालचालीला जागाच नव्हती, हे त्याचं एक कारण. अपोलोत जागा वाढली. मार्च १९६९मध्ये अपोलो ९वर रस्टी श्वाइकार्टना उलट्या झाल्या, अवकाशातला फेरफटका आखडता घ्यावा लागला. मळमळू नये म्हणून सुरुवातीला त्यांनी डोकं शक्यतो हलवलंच नव्हतं. ती खबरदारीच नडली. परतल्यावर ते स्वतःच यावरच्या प्रयोगांना बसले. या साऱ्या कथेत मला तेच सर्वांत धीट वाटतात, कारण वैमानिकांच्या जगात उलटी लपवायची असते. १९७३च्या नोव्हेंबरात स्कायलॅब या अंतराळ स्थानकावर विल्यम पोग यांची उलटी सहकाऱ्यांनी लपवायचं ठरवलं. ते बोलणं ध्वनिफितीवर गेलं आणि खालून कानउघाडणी झाली.

खरं तर पोटाचा दोष नव्हताच. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांना डोकं वळल्याचं कळतं. शेजारच्या पिशव्यांतले कॅल्शियम कार्बोनेटचे कण वजनाने सरकतात, त्यावरून ते किती कललंय हे कळतं. भारहीन अवस्थेत नलिका चालू राहतात, पण कलण्याची खबर येईनाशी होते. डोळे एक सांगतात, कान दुसरंच.

कानाचा हा वाटा अमेरिकी नौदलाच्या ॲश्टन ग्रेबिएल यांना ठाऊक होता. त्यांनी गॅलॉडेट महाविद्यालयातले ११ कर्णबधिर पुरुष प्रयोगांसाठी निवडले होते. बहुतेकांच्या आतल्या कानाची तोल सांभाळणारी यंत्रणाही बालपणीच्या आजारात गेली होती. नोव्हा स्कोशियाजवळच्या खवळलेल्या समुद्रात ते निवांत पत्ते खेळत बसले. शास्त्रज्ञ मात्र इतके आडवे झाले की प्रयोगच गुंडाळावा लागला.

स्कायलॅबवर ग्रेबिएल यांची फिरती खुर्ची होती. जमिनीवर त्याच खुर्चीत मळमळणारे अंतराळवीर कक्षेत काही दिवस मुरल्यावर डोकं हलवत गरगर फिरले, तरी त्यांना काही झालं नाही. मेंदूने कानाचा शब्द प्रमाण मानणं सोडलं होतं, भिस्त डोळ्यांवर टाकली होती.

परतल्यावर हेच पुन्हा उलटं शिकावं लागतं. डोळे मिटून उभं राहणं, कोपऱ्यावर वळणं, दोन्ही अवघड. जुलै २०२५मध्ये अंतराळ स्थानकावरच्या १८ दिवसांनंतर शुभांशु शुक्लांची पृथ्वीवरची पहिली पावलंही इतरांच्या आधारानेच पडली.