कामावरचा व्यायाम : काट्यापेक्षा टेपवर विश्वास ठेवा

शेतात राबणारा बाप सडपातळ आणि बँकेत, कंपनीत खुर्चीवर बसणाऱ्या पोराचं पोट पुढं, हे चित्र आता गावोगावी दिसतं. म्हणूनच कामाच्या ठिकाणी व्यायामाचा विषय निघाला आहे. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये ‘वाय-ब्रेक’ ॲप आणलं. त्यात ताडासन, प्राणायाम असा ५ मिनिटांचा योग आहे.

यानं अंग मोकळं होतं, पण चरबी उतरायला एवढ्यानं भागत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं आणि २ दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. जेवणाच्या सुट्टीत रोज १५ मिनिटं चाललं, तर ५ दिवसांत ७५ मिनिटं, म्हणजे चालण्याचा निम्मा हिशेब तिथंच पूर्ण होतो.

दोन महिने करूनही वजन तेवढंच दिसतं म्हणून बरेच जण सोडून देतात. इथंच फसगत होते. चरबी घटून स्नायू वाढले असतील, तर काटा हलत नाही. कमरेला टेप लावा. पुरुषांची कंबर ९० सेंमीच्या आणि बायकांची ८० सेंमीच्या आत हवी. शुगर आणि हृदयविकाराचा धोका पोटावरच्या चरबीनंच जास्त वाढतो.