नाडी हरवल्यानंतरची दोन मिनिटे

हृदयविकाराचा झटका आणि हृदयक्रिया बंद पडणे या दोन गोष्टी बोलण्यात एकच मानल्या जात असल्या, तरी पहिलीत हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडतो आणि दुसरीत हृदयाकडून शरीरभर रक्त जाणेच थांबते. या दुसऱ्या प्रसंगी रुग्णालयातील पथकाने काय करावे, याचे शिक्षण अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या ‘एसीएलएस’ या अभ्यासक्रमात दिले जाते. त्याचे प्रमाणपत्र दोन वर्षे वैध असते आणि भारतातही अतिदक्षता विभागांतील डॉक्टर व परिचारिका ते मिळवतात. परीक्षा दोन अंगांची असते. पन्नास बहुपर्यायी प्रश्नांच्या लेखी भागात उत्तीर्ण होण्यास ८४ टक्के, म्हणजे ४२ अचूक उत्तरे लागतात. परंतु उमेदवाराची खरी कसोटी लागते ती ‘मेगाकोड’मध्ये, जेथे पुतळ्यासमोर उभे राहून, बदलत्या अवस्थेतील रुग्णाच्या उपचाराचे नेतृत्व करायचे असते.

तयारीचा मोठा वाटा पडद्यावरील हृदयालेख ओळखण्यात जातो, आणि तेथेच पाठांतराची मर्यादा उघडी पडते. नाडी नसताना दिसणाऱ्या लयींचे प्रथम दोनच गट करायचे असतात: विजेच्या झटक्याला दाद देणाऱ्या आणि न देणाऱ्या. खालचे कप्पे नुसते थरथरत असतील (व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन) किंवा नाडी लागत नसताना अतिवेगाने धडधडत असतील, तर झटका द्यावा, कारण तो ती विस्कळीत विद्युत्क्रिया क्षणभर थांबवून हृदयाला स्वतःची लय पुन्हा धरण्याची संधी देतो. सरळ रेषेत थांबवण्याजोगे काहीच उरलेले नसते, त्यामुळे चित्रपटांत सरळ रेषेवर दिले जाणारे झटके दृश्य म्हणून कितीही परिणामकारक असले, तरी परीक्षेत ते चूकच ठरतात. मात्र सर्वांत फसवा प्रकार तिसराच: पडद्यावर सुव्यवस्थित लय उमटत असते आणि मानेतील नाडी मात्र हाताला लागत नाही. पडद्यावर विसंबणारा उमेदवार येथे थबकतो, तर नाडी तपासणारा छातीदाब चालू ठेवून रक्तस्राव, प्राणवायूची कमतरता, छातीत कोंडलेली हवा, हृदयाभोवती साचलेले द्रव अशा दुरुस्त करता येण्याजोग्या कारणांचा शोध घेऊ लागतो.

औषधांची यादी त्यामानाने आटोपशीर असते. अ‍ॅड्रेनलिन १ मिलिग्रॅम दर तीन ते पाच मिनिटांनी, आणि झटक्यांनंतरही थरथर टिकून राहिल्यास अमिओडॅरोन आधी ३०० व नंतर १५० मिलिग्रॅम, एवढे घोकून पाठ करता येते. घोकून न येणारी गोष्ट म्हणजे मिनिटाला १०० ते १२० या गतीने, किमान ५ सेंटिमीटर खोल आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ देत दिलेला दाब. तो देणाऱ्याचे हात लवकर थकतात, आणि थकवा त्याला स्वतःला जाणवण्याआधीच खोली कमी होऊ लागते, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा लागतो. त्याच खंडात लय पाहून घेतात आणि हा सगळा खंड दहा सेकंदांच्या आत आटोपतात.

नेत्याने मात्र यांपैकी कोणतेही काम स्वतःच्या हातात घ्यायचे नसते. त्याने सूचना नाव घेऊन द्यायची, ऐकणाऱ्याने ती मोठ्याने पुन्हा उच्चारायची आणि काम झाल्यावर तसे कळवायचे, ही पद्धत प्रथम नाटकी वाटते. मात्र ती नसेल, तर गोंधळात एकच इंजेक्शन दोनदा दिले जाण्याचा अथवा मुळीच न दिले जाण्याचा धोका असतो, आणि म्हणूनच एकट्याने पुस्तक वाचून केलेली तयारी येथे अपुरी पडते. पुतळ्याभोवती चार-पाच सहकाऱ्यांनी भूमिका आलटून-पालटून केलेला सराव अधिक उपयोगी ठरतो.