अणुकेंद्रकाची ठेवण आणि त्वरकाचे तास

अणुविखंडन म्हटले की आपली धोरणचर्चा वीज किंवा अस्त्र यांपलीकडे क्वचितच जाते. मला येथे तिसऱ्याच प्रश्नाकडे लक्ष वेधायचे आहे : दोन जड केंद्रके आदळली तर ती एकजीव होतील, की क्षणमात्र चिकटून पुन्हा फुटतील? नवी मूलद्रव्ये घडवण्याचा सारा खटाटोप येथेच अडतो. जपानच्या रायकेन संस्थेने बिस्मथवर जस्ताच्या आयनांचा मारा करून ११३ वे मूलद्रव्य मिळवले. २००४ ते २०१२ या काळात हाती लागले ते अवघे तीन अणू.

विखंडनाला द्रवाच्या थेंबाची उपमा १९३९ पासून दिली जाते. पण केंद्रक म्हणजे नुसता थेंब नव्हे. त्यातील प्रोटॉन आणि न्यूट्रॉन कवचांत रचलेले असतात. ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन असलेले शिसे-२०८ गोल व घट्ट असते ते त्यामुळेच. युरेनियम-२३८ मात्र लांबट. पुरेशा जेमतेम ऊर्जेचा आयन त्याच्या टोकावर आदळला, तर पूर्ण संमीलनाआधीच जोडी फुटण्याची शक्यता वाढते; कुशीवर आदळला, तर एकजीव होण्याची संधी अधिक. केंद्रक तापत गेले की कवचांचा हा प्रभाव ओसरतो, असे तुर्भ्याच्या व्ही. एस. राममूर्ती, एस. एस. कपूर आणि एस. के. कटारिया यांनी १९७० मध्येच मांडले होते. राममूर्ती पुढे केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले. 

आज हे काम दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रातही चालते. तेथे शंभर न्यूट्रॉन शोधक एका सांगाड्यावर बसवले आहेत. फुटण्यापूर्वी किती न्यूट्रॉन निसटले हे मोजले, की केंद्रकाने किती काळ तग धरला याचा अंदाज बांधता येतो. परंतु एकाच मोजणीने भागत नाही. तेच संयुक्त केंद्रक निरनिराळ्या जोड्यांतून घडवून तुलना करावी लागते, आणि दरवेळी त्वरकाचा वेळ नव्याने मागावा लागतो. स्वतःचा त्वरक नसलेल्या विद्यापीठांतील संशोधकांना असे सामायिक यंत्र हाच आधार असतो.

म्हणूनच नव्या यंत्राच्या घोषणेपेक्षा जुन्या यंत्राची देखभाल आणि ते चालवणारे कुशल तंत्रज्ञ मला अधिक महत्त्वाचे वाटतात. त्वरक वर्षाकाठी किती तास चालला आणि त्यांतले किती विद्यापीठांच्या वाट्याला आले, हे आकडे संसदेच्या स्थायी समितीने दरवर्षी मागवून घ्यावेत.