मोरपंखी की हळदी?

आईच्या खोलीला एकच खिडकी, तीही उत्तरेला. शेडकार्डावरून शेवटी दोनच रंग उरले: आईचा हळदी आणि माझा मोरपंखी. दोन्हींचे छोटे डबे आणले. पुट्टी घासून प्रायमर मारलेल्या भिंतीवर पेंटरदादांनी शेजारी शेजारी दोन चौकोन रंगवले. मी मोरपंखीला कौल देणार, तोच ते म्हणाले, "ताई, ओल्या रंगावर ठरवू नका. दुसरा हात पडू द्या."

इमल्शनमधला बाइंडर ओला असताना दुधाळ दिसतो, सुकला की पारदर्शक होतो आणि रंग गडद भासतो. चार तासांनी दुसरा हात मारला आणि तोही सुकला, तेव्हा मोरपंखी चांगलाच खोल गेला होता.

पण खरी चूक चौकोन शेजारी काढण्यात होती. पॅरिसच्या गोबलाँ गालिचा-कारखान्यात काळ्या लोकरीचा रंग फिका पडतो, अशी तक्रार होती. तिथले रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांना रंगात दोष सापडला नाही; शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा कमजोर दिसत होता. त्यावर त्यांनी १८३९ मध्ये ग्रंथच लिहिला. आमच्या भिंतीवरही हळदीमुळे मोरपंखी जास्त निळा आणि मोरपंखीमुळे हळदी जास्त भगवा दिसत होता.

मग दोन मोठे पुठ्ठे रंगवले, कडेला पांढरी पट्टी सोडली आणि एका वेळी एकच भिंतीला टेकवला. सकाळी हळदी हिरवट दिसला, कैरीच्या फोडीसारखा, कारण उत्तरेच्या आकाशाचा उजेड निळसर असतो. मोरपंखी मात्र त्याच उजेडात खुलला. संध्याकाळी ३००० केल्विनचा पिवळा दिवा लावला आणि पारडं फिरलं. हळदी उजळला, मोरपंखी शेवाळासारखा काळवंडला. तो दिव्याचा उजेड गिळत होता. रंग किती उजेड परत फेकतो हे दाखवणारा एलआरव्ही नावाचा आकडा असतो, ० म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा. घेण्याआधी तो दुकानात विचारायला हवा होता.

आई पुठ्ठ्याशेजारी खुर्ची ओढून बसली. "अगं, संध्याकाळी मला इथेच सुईत दोरा ओवायचा असतो."

मोरपंखी तिथेच बाद झाला. सकाळचा हिरवटपणा जावा म्हणून हळदीचीही जरा केशरीकडे झुकणारी छटा घेतली, आणि तीच चारही भिंतींना लागली.