ॲम्प निवडण्याआधी हेडफोन वाचा

बेयरडायनॅमिक या जर्मन कंपनीचा डीटी ८८० हा हेडफोन ३२, २५० आणि ६०० ओहम अशा तीन प्रकारांत विकला गेला आहे. दिसायला तिन्ही जवळपास सारखेच. फरक आहे तो कानाजवळच्या पडद्याला चिकटलेल्या तारेच्या वेटोळ्यात. ६०० ओहमच्या वेटोळ्यातली तार फार बारीक असते आणि तिचे फेरे जास्त असतात. त्यामुळे तिला विद्युतप्रवाह थोडा पुरतो, पण व्होल्टेज मात्र भरपूर लागतं. म्हणून ३२ ओहमचा हेडफोन फोनवर बरा वाजतो आणि ६०० ओहमचा त्याच फोनवर दबक्या आवाजात बोलतो.

ॲम्प घ्यायला निघालेले बहुतेक जण ॲम्पपासून सुरुवात करतात. किती वॅटचा, कुठल्या कंपनीचा, आत कुठली आयसी आहे? माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. दहा ते पंचवीस हजार रुपयांत मिळणारे सॉलिड-स्टेट ॲम्प, म्हणजे व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टर किंवा आयसीवर चालणारे, आज इतके चांगले आहेत की प्रश्न ‘सर्वांत चांगला कोणता’ हा राहिलेलाच नाही. तुमच्या हेडफोनला काय लागतं, एवढंच बघायचं.

त्यासाठी हेडफोनच्या खोक्यावरचे दोन आकडे शोधा: ओहममधला इम्पिडन्स आणि डेसिबलमधली सेन्सिटिव्हिटी. दुसऱ्या आकड्यात एक खोच आहे. काही कंपन्या तो एका मिलिवॅटला देतात, काही एका व्होल्टला. सेनहायझर एचडी ६५० चा आकडा आहे १०३, ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्सचा ९९. वाचणाऱ्याला वाटतं, सेनहायझर मोठा वाजणार. पण १०३ हा व्होल्टचा हिशेब आहे आणि ९९ हा मिलिवॅटचा. एम५०एक्स फक्त ३८ ओहमचा असल्याने एका व्होल्टला तो ११३ डेसिबलपर्यंत जातो. म्हणजे त्याच फोनवर, त्याच व्हॉल्यूमला, ९९ वाला हेडफोन १०३ वाल्यापेक्षा दहा डेसिबलने मोठा वाजतो.

आता किती मोठा आवाज हवा ते ठरवू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलला आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकणं सुरक्षित आहे. ही सरासरी पातळी झाली. ख्यालाच्या चांगल्या ध्वनिमुद्रणात तानपुरा आणि आलाप खूप खाली असतात, आणि तार सप्तकातली एखादी तान किंवा तबल्याची थाप सरासरीच्या बरीच वर उसळते. त्या उसळीसाठी जागा म्हणून ११० डेसिबल धरले तर पुरे. बहुतेक नव्या सिनेगीतांत आवाज मुळातच दाबून सपाट केलेला असतो, तिथे एवढीही जागा लागत नाही.

पुढचं गणित शाळेतलंच आहे. दर दहा डेसिबलला दहापट शक्ती लागते, आणि शक्ती म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम. ११० डेसिबलसाठी एम५०एक्सला ०.७ व्होल्ट पुरतात. एचडी ६५० ला सव्वादोन व्होल्ट लागतात, पण प्रवाह जेमतेम साडेसात मिलिअँपिअर. ६०० ओहमच्या डीटी ८८० ला जवळपास ३.९ व्होल्ट आणि त्याहूनही कमी प्रवाह. हायफायमॅनचा एचई-६ हा मात्र खादाड म्हणून प्रसिद्ध आहे. ५० ओहम, मिलिवॅटला फक्त ८३.५ डेसिबल. त्याला ४.७ व्होल्ट तर हवेतच, शिवाय ९५ मिलिअँपिअर प्रवाहही हवा. शक्ती मोजली तर सुमारे ४५० मिलिवॅट, म्हणजे एचडी ६५० च्या पंचवीसपटीहून जास्त. ‘ओहम जास्त म्हणजे वाजवायला अवघड’ हा समज इथे खोटा पडतो.

ॲम्पच्या जाहिरातीत बहुधा ‘३२ ओहमवर १ वॅट’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ५.६ व्होल्ट आणि सुमारे १७५ मिलिअँपिअर. वर मोजलेले चारही हेडफोन एवढ्यात बसतात. एचई-६ काठोकाठ बसतो, पण बसतो. मग ३ आणि ६ वॅटचे ॲम्प कशासाठी असतात? मुख्यतः विकण्यासाठी. फोनच्या यूएसबी-सी जॅकला लावायच्या छोट्या डाँगलमधूनही काही वेळा १ व्होल्ट मिळतो, आणि एम५०एक्ससारख्या हेडफोनला तो भरपूर झाला. तुमच्याकडे असा हेडफोन असेल आणि व्हॉल्यूम निम्म्यावरच कान भरत असतील, तर ॲम्प घेऊ नका.

घ्यायचाच असेल तर वॅटपेक्षा महत्त्वाचा आकडा आहे आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे ॲम्पचा स्वतःचा अंतर्गत अडथळा. हेडफोनचा इम्पिडन्स सगळ्या सुरांना सारखा नसतो. एचडी ६५० वर ३०० ओहम लिहिलेलं असलं तरी खर्जाजवळ, १०० हर्ट्झच्या आसपास, तो ५०० च्या घरात चढतो. ॲम्पचा अडथळा जवळपास शून्य असेल तर त्याने काही बिघडत नाही. पण जुन्या रिसीव्हरांच्या हेडफोन जॅकमध्ये स्पीकरचा सिग्नलच मोठ्या रेझिस्टरमधून दिलेला असे, आणि आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत-मानक संस्थेच्या एका जुन्या मानकात १२० ओहमचा आकडाही होता. तेवढा अडथळा मध्ये आला की एचडी ६५० चा खर्ज सुमारे एक डेसिबलने फुगतो. काहींना ते गोड वाटतं; डग्ग्याला जरा जास्त घुमारा येतो. अनेक बॅलन्स्ड आर्मेचर, म्हणजे चिमुकले ध्वनिनिर्माते, असलेल्या इन-इअरचं मात्र यात वाटोळं होतं. समजा त्याचा इम्पिडन्स ५ ते ४० ओहम असा हलतो. १० ओहमच्या ॲम्पवर वेगवेगळ्या सुरांत साडेसात डेसिबलपर्यंत फरक पडेल, १ ओहमच्या ॲम्पवर सव्वा-दीड. म्हणून नियम असा: ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी हवा. १ ओहमच्या आतला ॲम्प घेतला की विषय संपला, आणि या किमतीत तो सहज मिळतो.

आउटपुट इम्पिडन्स इतका कमी होतो कसा? ॲम्पच्या शेवटच्या टप्प्यात ट्रान्झिस्टरची जोडी असते. एक सिग्नलचा वरचा भाग ढकलतो, दुसरा खालचा ओढतो. कामाचा खांदेपालट होताना मध्ये खाच पडू नये म्हणून दोघांनाही थोडा प्रवाह सतत चालू ठेवतात. हा क्लास एबी. प्रवाह कायम भरपूर ठेवला तर तो क्लास ए, आणि मग डबा तापतो. यावर निगेटिव्ह फीडबॅक असतो: बाहेर आलेल्या सिग्नलचा काही भाग उलटा करून आत परत द्यायचा, म्हणजे चूक आपोआप कापली जाते. ही कल्पना बेल लॅब्सच्या हॅरॉल्ड ब्लॅक यांना १९२७ मध्ये हडसन नदीवरच्या फेरीबोटीत सुचली, आणि त्यांनी ती हातातल्या वर्तमानपत्रावरच मांडली. विकृती आणि आउटपुट इम्पिडन्स, दोन्ही त्याच युक्तीने खाली येतात. २०११ मध्ये टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अभियंत्याने ओ२ नावाच्या ॲम्पचा आराखडा खुला केला. त्यात साध्या, स्वस्त आयसी होत्या, आउटपुट इम्पिडन्स सुमारे अर्धा ओहम होता आणि सगळी मोजमापं उघड होती. महागड्या डब्यांना प्रश्न विचारण्याची सवय ग्राहकांना लावण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

आज चांगल्या ॲम्पची विकृती सिग्नलच्या १०० डेसिबल खाली असते, म्हणजे ०.००१ टक्का. ८० डेसिबलला ऐकताना ती ऐकण्याच्या मर्यादेच्या कितीतरी खाली राहते. त्यामुळे ती ११५ डेसिबल खाली आहे की १२०, यावरून भांडण्यात वेळ घालवू नका. गेनचं, म्हणजे सिग्नल किती पटीने वाढवायचा ते ठरवणारं, बटण मात्र नक्की बघा. डॅकमधून, म्हणजे डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणाऱ्या उपकरणातून, साधारण २ व्होल्ट येतात. एचडी ६५० ला सव्वादोन पुरतात, तेव्हा गेन एकपट असला तरी जवळपास भागतं. गेन जास्त ठेवला की व्हॉल्यूमची खुंटी तळाशीच राहते, आणि तिथे साध्या पोटेन्शिओमीटरचे दोन्ही भाग जुळत नाहीत. एका कानात आवाज जास्त येतो. नाजूक इन-इअरमध्ये वर फुसफुसही ऐकू येते. दुकानात काही न वाजवता, खुंटी मधोमध ठेवून, आपलेच इन-इअर लावून तपासा.

४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड जॅकचा मुख्य फायदा म्हणजे व्होल्टेज दुप्पटीपर्यंत वाढतं, एवढंच. वरच्या गणितात तुमचा हेडफोन आधीच बसला असेल, तर त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

आपल्याकडची खरी अडचण विजेची आहे. अमेरिकेतून कुणी ॲम्प आणला तर त्याचा ॲडॅप्टर १२० व्होल्टचा असू शकतो; आपल्या २३० व्होल्टला तो जळेल. काही ॲम्पना डीसी नव्हे, एसी बाहेर देणारा ॲडॅप्टर लागतो. पिन सारखीच दिसते, म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नवा घेताना लेबल वाचूनच घ्या. लॅपटॉप जोडल्यावर घरघर आली तर ॲम्पला दोष देण्याआधी घरातलं अर्थिंग बघा आणि सगळी उपकरणं एकाच बोर्डावर लावा.

दोन ॲम्पची तुलना करायची असेल तर आवाज आधी सारखा करा, कारण एका डेसिबलने मोठा वाजणाराही ‘जास्त स्पष्ट’ वाटतो. एक किलोहर्ट्झचा सूर वाजवून, साध्या मल्टिमीटरने आउटपुटचं एसी व्होल्टेज जुळवलं की झालं. मग फरक कळेनासा झाला, तर स्वस्त ॲम्प घ्या आणि उरलेले पैसे हेडफोनवर घाला.