स्टिअरिंग मंद झालंय? आधी लिंक काढून बघा
मंडळी, नागाव-काशिदच्या वाळूत आरसी कार पळवली की काही दिवसांत स्टिअरिंग मंद होतं. उशिरा वळलेली गाडी थेट लाटेत जाते, म्हणून आपण घाईने नवा सर्व्हो मागवतो. थांबा! आधी सर्व्होच्या हॉर्नला जोडलेली लिंक काढा आणि रिमोट फिरवा. हॉर्न झटकन वळला तर सर्व्हो ठीक आहे. वाळू नि मीठ पुढच्या सांध्यांत, बेअरिंगमध्ये अडकलंय. ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसा, वाळवा. मोकळा हॉर्नही रेंगाळला तर रिसीव्हरवर व्होल्टेज मोजा. फुताबाचा एस३००३ सर्व्हो ६० अंश फिरायला ६ व्होल्टवर ०.१९ सेकंद घेतो, ४.८ व्होल्टवर ०.२३. व्होल्टेज पुरेसं असूनही रेंगाळतोय? मग खुशाल नवा घ्या.